पीएच.डी.नंतर एमबीबीएस: मराठवाड्यातल्या उमेदवारासाठी गुणपत्रकापासून रिपोर्टिंगपर्यंत

पीएच.डी.चं नोटिफिकेशन हातात आलंय आणि आता एमबीबीएस करायचं मनात आहे, तर सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. प्रवेश देणाऱ्या यंत्रणेच्या लेखी तुम्ही बारावी पास उमेदवार आहात, बाकी काही नाही. प्रबंध, पेपर, सेट-नेट, तासिका तत्त्वावरची चार वर्षं, यातल्या कशालाच एक गुणही मिळत नाही. भारतात एमबीबीएसला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश नसतो. विज्ञानातली डॉक्टरेट आहे म्हणून एमडीला बसता येतं, ही गावगप्प आहे. रस्ता एकच, नीट-यूजी ही देशभराची वैद्यकीय प्रवेश परीक्षा, आणि तो सतरा वर्षांच्या मुलांबरोबरच चालायचा आहे.

वयाची भीती मात्र काढून टाका. पूर्वी खुल्या वर्गाला २५ आणि आरक्षित वर्गाला ३० अशी कमाल मर्यादा होती. ती मार्च २०२२ मध्ये हटवली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण असावीत एवढंच बघतात. किती वेळा परीक्षा द्यायची, यावरही बंधन नाही.

बारावीचं गुणपत्रक काढा

अभ्यासाची पुस्तकं घ्यायच्या आधी ट्रंकेतलं बारावीचं गुणपत्रक बाहेर काढा. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी (किंवा बायोटेक्नॉलॉजी) या तिन्हींची बेरीज करा. खुल्या वर्गाला ५० टक्के लागतात, एससी, एसटी, ओबीसीला ४०, खुल्या वर्गातल्या दिव्यांगांना ४५. इंग्रजीत पास असणंही आवश्यक आहे. इथं एम.एस्सी.ची पहिली श्रेणी दाखवून भागत नाही. पीसीबीची बेरीज ३०० पैकी १४८ असेल, तर नीटमध्ये ६०० पडूनही खुल्या वर्गातून प्रवेश होणार नाही.

गणित, फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत डॉक्टरेट केलेल्यांची अडचण वेगळी असते. त्यांनी बारावीला ‘ए ग्रुप’ घेतलेला असतो, म्हणजे बायोलॉजीच नसतं. हे दार पूर्वी बंद होतं. नोव्हेंबर २०२३ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या निर्णयानंतर, बारावी पास झाल्यावर जादा विषय म्हणून घेतलेलं बायोलॉजीही चालतं. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक राज्य मंडळाची: ‘तुरळक विषय’ या प्रकारात अर्ज करून एकट्या बायोलॉजीची परीक्षा द्यायची. लातूर, नांदेड, धाराशिवचे उमेदवार लातूर विभागीय मंडळाकडे जातात, बाकी पाच जिल्ह्यांचे छत्रपती संभाजीनगरकडे. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच भरावा लागतो, म्हणून आधी जवळच्या महाविद्यालयातल्या परीक्षा विभागाच्या क्लार्कला भेटा. लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं असतं. प्रात्यक्षिकाला दांडी मारली की सगळंच अडतं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. तिथंही एकेक विषय घेता येतो आणि प्रात्यक्षिक सुटत नाही.

डिप्लोमा करून इंजिनिअरिंग, पुढं एम.टेक. आणि पीएच.डी. असा प्रवास असेल, तर बारावीच नाही. मग अख्खी बारावी द्यावी लागेल. टक्के कमी असलेल्यांनीही एनआयओएसकडून नव्याने बारावी देण्याचा विचार करावा. मंडळाची श्रेणीसुधार सवलत पास झाल्यानंतरच्या मोजक्याच परीक्षांपुरती असते, दहा वर्षांनी ती मिळत नाही.

पीएच.डी. आधी हातावेगळी करा

२०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली, पण पीएच.डी. त्यातून वगळली आहे. ‘व्हायवा राहिलाय, तो मध्येच उरकू’ असं धरून चालू नका. व्हायवा, नोटिफिकेशन, ग्रंथालयाचं आणि वसतिगृहाचं ना-देय प्रमाणपत्र, सगळं एमबीबीएसच्या प्रवेशाआधी झालेलं हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ, विभागातून टीसी आणि विद्यापीठातून मायग्रेशन काढायला हीच वेळ. एमबीबीएस नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं, त्यामुळे मायग्रेशन लागणारच. पुष्कळजण बारावीचीच टीसी शोधत बसतात. ती तर बी.एस्सी.ला जाताना जमा झालेली असते. आता चालते ती शेवटच्या संस्थेची.

कागदांची खरी गोम: जात वैधता

बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. हे सगळं नुसत्या जात प्रमाणपत्रावर निभावलेलं असू शकतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि नेमकं तेच तिशीतल्या उमेदवाराकडे नसतं. विद्यार्थी म्हणून जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव टाकायचा तर संस्थेचं पत्र जोडावं लागतं. विभाग सोडल्यावर ते पत्र कुणाकडून आणणार? म्हणून पीएच.डी.ची नोंदणी चालू असतानाच प्रस्ताव दाखल करा.

मराठवाड्यात जुन्या पुराव्यांचा घोळ अंमळ जास्तच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा महसुली नोंदी उर्दूत असतात. तहसीलमधून खासरा पत्रकाची किंवा शाळेतून प्रवेश-निर्गम उताऱ्याची नक्कल काढा, जाणकाराकडून भाषांतर करून घ्या आणि मूळ नकलेबरोबर जोडा. पुरावा किती जुना हवा, याच्या तारखा ठरलेल्या आहेत: एससीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता झालेली असेल तर काम हलकं होतं. नसेल तर सहा-आठ महिने हाताशी ठेवा.

बाकीचे कागद पटापट होतात. राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र सेतूतून काढा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून प्रवेशाच्या वर्षी ते चालू असल्याची खात्री करा. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरतंच आहे, केंद्राच्या जागांवर हे उमेदवार खुल्या वर्गात धरले जातात. शिक्षणातल्या खंडाचं शपथपत्र, ज्याला सगळे ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात, तेही करून ठेवा. बारावी कोणत्या वर्षी, पदव्या कोणत्या वर्षी, नोकरी कधी, असा वर्षवार तपशील त्यात लिहा. कोरं ‘वैयक्तिक कारणामुळे’ असं लिहिलं की पडताळणीच्या टेबलावर प्रश्न येतात.

आणखी एक, सीमेवरच्या तालुक्यांसाठी. राज्याच्या कोट्यातून यायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या हव्यात, काही ठरावीक अपवाद सोडून. उदगीर-देगलूरकडची मुलं भालकी-बिदरला, धर्माबादची निजामाबादला शिकायला जातात. पीएच.डी. इथली असली तरी तिचा इथं उपयोग नाही.

नीटचा अर्ज

अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, परीक्षा मेच्या सुरुवातीच्या रविवारी. २०२५ ला शुल्क खुल्या वर्गाला १७०० रुपये, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि ओबीसीला १६००, एससी-एसटी-दिव्यांगांना १००० होतं.

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच टाका. नावाआधी ‘डॉ.’ लावायची सवय हाताला लागलेली असते, ती आवरा. लग्नानंतर पीएच.डी. सासरच्या नावावर आणि दहावी माहेरच्या, अशी फारकत असेल तर राजपत्रातली नावबदलाची प्रत जवळ ठेवा. शैक्षणिक पात्रतेत ‘बारावी उत्तीर्ण’ हा पर्याय निवडा. एम.एस्सी.-पीएच.डी. भरायला रकाना शोधू नका. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, दोन्ही कान दिसणारा. भाषेत मराठी घेता येते, पण पीएच.डी. इंग्रजीतून झालेल्यांनी इंग्रजीच घ्यावी. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात.

अभ्यास: इथं डॉक्टरेट आडवी येते

पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा, १८० मिनिटांचा. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. २०२५ पासून पर्यायी प्रश्न गेले आहेत, सगळेच सोडवायचे.

नीट एनसीईआरटीच्या पुस्तकावर चालते, राज्य मंडळाच्या नाही. बारावी राज्य मंडळातून झाली असेल तर अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं नवीन आवृत्तीची विकत घ्या. जुनी, भावाच्या कपाटातली नकोत. २०२४ ला अभ्यासक्रम कापला गेला. केमिस्ट्रीतून घन अवस्था, पृष्ठरसायन, हायड्रोजन, एस-ब्लॉक, पॉलिमर गेले. बायोलॉजीतून पचन व शोषण, खनिज पोषण, पर्यावरणीय समस्या गेल्या. परीक्षेच्या वर्षाचा अभ्यासक्रम राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून भिंतीला लावा.

जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस या पेपरात कसा फसतो ते बघा. प्रश्न येतो: ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिश्वसनात निव्वळ किती एटीपी मिळतात? तुम्ही एनएडीएच मागे अडीच, एफएडीएच२ मागे दीड असा हिशेब लावता आणि ३० ते ३२ काढता. आजच्या जीवरसायनशास्त्रात तेच बरोबर. एनसीईआरटीत मात्र ३८ लिहिलंय, आणि उत्तरतालिकेत ३८ असणार. वर्गीकरणाचं तसंच. तुमच्या डोक्यात तीन डोमेन आणि जनुकीय वंशवृक्ष, पुस्तकात व्हिटेकरची १९६९ ची पाच सृष्टींची पद्धत. पेपरात पुस्तकाचं उत्तर लिहायचं. जिथं जिथं तुमचं ज्ञान पुस्तकाशी भांडतं, तिथं समासात लाल पेनाने खूण करत जा. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात तेवढ्याच खुणा वाचा. ही यादी कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये मिळणार नाही, कारण बारावीच्या मुलाला हा प्रश्नच पडत नाही.

जीवशास्त्राच्या माणसाचं घोडं फिजिक्सला अडतं. दहा वर्षं कॅल्क्युलेटर आणि एक्सेलवर गेलेली असतात, आणि इथं दोन्ही नाहीत. म्हणून पहिला महिना आकडेमोडीलाच द्या: घातांक, लॉगरिदम, वर्गमूळ, π² म्हणजे जवळपास १०. फोटॉनची ऊर्जा २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिली असेल तर प्लँकचा स्थिरांक लिहीत बसू नका. १२४० ला २ ने भागा, तरंगलांबी ६२० नॅनोमीटर. असे वीस-पंचवीस आडवाटेचे आकडे पाठ झाले की फिजिक्सचे पंधरा मिनिटं वाचतात. विद्युतधारा, आधुनिक भौतिकी, अर्धवाहक, उष्मागतिकी, किरण प्रकाशिकी आणि मापन हे भाग आधी घ्या. घूर्णन गती सगळ्यात शेवटी, आणि वेळ उरला तरच.

केमिस्ट्रीच्या डॉक्टरेटवाल्याला सेंद्रिय रसायनात गुण पडतात, पण बायोलॉजीची नव्वद प्रश्नांची पाठांतराची मजल त्याला दमवते. उपाय एकच: बायोलॉजीचं एनसीईआरटी ओळ न ओळ, आकृतीखालच्या मजकुरासकट, निदान सहा वेळा. एक आवर्तन बारा-पंधरा दिवसांत होतं.

तासिका करत असाल तर रोज साडेचार-पाच तास आणि चौदा महिने हवेत. काम सोडलं असेल तर आठ-नऊ महिने पुरतात. लातूरच्या रिपीटर बॅचला पूर्णवेळ बसावं का? आमचं मत: नको. तिथं संकल्पना शून्यापासून शिकवतात, त्यात तुमचा अर्धा वेळ वाया जाईल. त्याच क्लासची टेस्ट सिरीज तेवढी लावा. रविवारी दुपारी २ ते ५, ओएमआर पत्रिकेवर, काळ्या पेनाने. लातूर पॅटर्नचं सगळ्यात घेण्याजोगं हेच आहे: दर आठवड्याला पेपर आणि दुसऱ्या दिवशी चुकांचा पंचनामा.

अंदाजाने गोल भरावा की नाही, यावर खूप वाद होतात. हिशेब करून बघा. चारही पर्याय अनोळखी असतील तर सरासरी फायदा पाव गुणाचा, म्हणजे न भरल्यासारखंच. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर सरासरी दीड गुणाचा फायदा. तेव्हा दोन बाद झाले की भरा, नाहीतर पुढं चला. बायोलॉजीत ८० बरोबर ८ चूक (३१२), केमिस्ट्रीत ३४ बरोबर ८ चूक (१२८), फिजिक्समध्ये २६ बरोबर १० चूक (९४), एकूण ५३४. फिजिक्समध्ये निम्म्यापेक्षा थोडंच जास्त येऊनही बेरीज अशी बसते.

परीक्षेच्या दिवशी गेट दीडला बंद होतं. मेमधलं मराठवाड्याचं ऊन, बाराला रांगेत उभं राहायचं. अर्ध्या बाहीचा साधा सदरा, चप्पल किंवा सँडल, पारदर्शक बाटलीत पाणी. बूट चालत नाहीत.

निकालानंतर गुण कमी, क्रमांक जास्त बघा

खुल्या वर्गाची पात्रता रेषा २०२४ ला १६२ गुण होती, २०२५ ला पेपर कठीण गेल्याने १४४. ही रेषा ओलांडली म्हणजे फक्त समुपदेशनाला उभं राहता येतं. एका वर्षीचे गुण दुसऱ्या वर्षाशी तोलू नका. राज्याच्या गुणवत्ता यादीतला तुमचा क्रमांक आणि गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीत त्या-त्या कॉलेजला कोणत्या क्रमांकावर जागा बंद झाली, एवढंच ताडून बघा.

शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा दिल्लीच्या एमसीसीकडून (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरतात, ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षाकडून. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करा. ‘मराठवाड्याच्या मुलाला इथल्या कॉलेजात ७० टक्के राखीव’ असं कुणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट आहे. ७०:३० चा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. आता सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत एकच यादी.

पसंतीक्रम भरताना घराजवळचं म्हणून नवं कॉलेज वर टाकायचा मोह होतो. संभाजीनगरचं घाटी १९५६ चं, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ सत्तरच्या दशकातलं, नांदेडचं १९८८ चं, लातूरचं विलासराव देशमुख संस्थेचं २००२ चं. धाराशिव २०२२ ला सुरू झालं, परभणी २०२३ ला, जालना आणि हिंगोली २०२४ ला. जुन्या रुग्णालयात वॉर्ड भरलेले असतात आणि हात लावून शिकायला रुग्ण मिळतात. पीएच.डी. झालेल्या माणसाला पुस्तकी बाजूची चिंता कमी असते, त्याला वॉर्डच हवा. म्हणून जुनी चार आधी, नवी नंतर.

सीईटी कक्षाच्या फेरीत जागा मिळाली, जाऊन रुजू झालात, आणि कॉलेजने ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज पुढं केला, तर सही करण्याआधी दोनदा वाचा. तो भरला की पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळण्याचा रस्ता बंद. घाईत सही होते ती इथंच. एमसीसीकडे पहिल्या फेरीची जागा सोडली तर पैसे जात नाहीत. दुसऱ्या फेरीपासून अनामत जप्त होते: खुल्या वर्गाची १०,०००, आरक्षितांची ५,०००. अभिमत विद्यापीठांसाठी ती २ लाख असते.

पैशाचा हिशेब

साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. शासकीय कॉलेजातून शिकलात तर पुढं एक वर्ष शासकीय सेवेचं बंधन. तिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर पस्तिशी ओलांडल्यावर एमबीबीएस, आणि पीजी केलं तर चाळिशीजवळ. एसआरएफचे (वरिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) दरमहा ४२,००० सुटतात, आणि एमबीबीएसबरोबर नोकरी होत नाही. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती वर्षाला लाखांत असते. अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्या पुढेमागे. महाडीबीटीच्या योजनांच्या भरवशावर आधीच बेरीज मांडू नका. काही शिष्यवृत्त्यांना एक पदवी-शिक्षण पूर्ण केलेल्याने पुन्हा दुसरी वाट धरलेली चालत नाही, म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आपल्या सगळ्या पदव्या सांगून विचारा. मुलींसाठी मात्र २०२४-२५ पासून, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गात शिक्षण शुल्क माफ आहे.

परदेशातला चार वर्षांचा ‘ग्रॅज्युएट एंट्री’ अभ्यासक्रम डॉक्टरेटवाल्यांना फार खुणावतो. भारतात परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा लागतो, शिवाय त्याच देशात १२ महिन्यांची इंटर्नशिप. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. तिथंच गणित फसतं. आणि नीट पात्रता त्यासाठीही लागतेच.

रिपोर्टिंगला काय न्यायचं, आणि पुढचं वर्ष

मूळ कागदपत्रं कॉलेज ठेवून घेतं, आणि ती सहजी परत मिळत नाहीत. जाण्याआधी प्रत्येकाच्या पाच-पाच साक्षांकित प्रती आणि रंगीत स्कॅन करून ठेवा. पीएच.डी.ची मूळ पदवी देऊ नका, मागतही नाहीत. वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र सीईटी कक्षाच्याच नमुन्यात न्या. दुसऱ्या नमुन्यातलं आणलं की परत पाठवतात, आणि मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर जागा जाते.

पहिल्या वर्षी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट असली तरी त्या विषयातून सूट नाही. लेक्चरला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे जुन्या गाइडकडे ‘एक पेपर पूर्ण करून येतो’ म्हणून आठवडाभर जाणं परवडत नाही. पहिल्या परीक्षेला चारच संधी मिळतात, आणि अख्खा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. संशोधनाची खाज भागवायला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची अल्पकालीन योजना आहे, तिचा अर्ज मात्र तुम्हाला कुणी शिकवायची गरज पडणार नाही.